अ‍ॅडव्हेंचर कशाला म्हणायचं? केंब्रिजच्या गुहा आणि मिस्टचं बेट



गेल्या दिवाळीच्या फराळाला (म्हणजे इथल्या रिवाजाप्रमाणे दिवाळीनंतरच्या शनिवारी) आमच्या रेडिंगच्या घरी जो वाद पेटला तो चकल्या संपल्या तरी विझला नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. वाद असा: 'मिस्ट'सारखे गेम, ज्यांत अनोळखी जागी एकट्याने भटकायचं आणि एकामागून एक कोडी सोडवायची, त्यांना 'अ‍ॅडव्हेंचर गेम' म्हणावं की नाही? आमच्यातल्या एकाचं मत ठाम होतं. त्यात नायक नाही, संवाद नाहीत, खिशात जमवायच्या वस्तू नाहीत. ओसाड बेटावर फिरा, दांडे ओढा, बटणं दाबा. ही कोड्यांची पुस्तिका आहे, फक्त वर सुंदर चित्रं चिकटवली आहेत. खरा अ‍ॅडव्हेंचर म्हणजे 'मंकी आयलंड', 'ब्रोकन स्वोर्ड'. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

ज्यांनी हे काहीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. 'मिस्ट' हा १९९३ चा अमेरिकन गेम, रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या 'सायन' कंपनीचा. २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवरचा जगातला सगळ्यात जास्त खपलेला गेम तोच होता. तरीही अ‍ॅडव्हेंचरवाल्या जातिवंत मंडळींनी त्याला पंगतीत बसवून घेतलंच नाही. 'स्लाइड-शो' हे त्यांनी दिलेलं त्यातल्या त्यात सभ्य नाव.

मला या व्याख्येचा त्रास होतो तो मिस्टपुरता नाही. कोड्यांनी भरलेली भटकंती म्हणजे अ‍ॅडव्हेंचर नव्हे असं एकदा ठरवलं, की या प्रकाराचा ब्रिटनमधला पहिल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास जवळजवळ संपूर्ण बाद होतो. तसाही तो बाद होतच आलाय. कुठलाही सर्वसाधारण इतिहास उघडा: गुहा, मग एमआयटीचा 'झॉर्क', मग सिएरा, मग लुकासआर्ट्स. सगळी अमेरिका. आपल्यापासून दोन तासांवर केंब्रिजमध्ये जे झालं त्याला जेमतेम एखादी ओळ. तेव्हा मूळ कागदपत्रं तपासूया.

सुरुवात गुहेपासूनच. विल क्राउथर हा बीबीएन कंपनीतला प्रोग्रॅमर. आपण रोज ज्या इंटरनेटवर पोट भरतो त्याच्या आजोबाचा, म्हणजे अर्पानेटचा, रूटिंगचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक. सुट्टीत हा माणूस बायकोबरोबर केंटकीमधल्या मॅमथ केव्हच्या परिसरात गुहा धुंडाळायचा आणि त्यांचे नकाशे काढायचा. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात त्याची बायको पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. दूर गेलेल्या मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने पीडीपी-१० वर फोरट्रानमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला: तुम्ही 'उत्तर', 'खाली', 'दिवा घे' असं टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने पुढच्या खोलीचं वर्णन द्यायचं. गुहा खरीखुरी होती, कोलोसल केव्हचा बेडक्विल्ट भाग. त्या मशीनवर फाइलचं नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे, म्हणून ADVENTURE चं झालं ADVENT, आपल्या लिपीत 'अ‍ॅडव्हेंट'. १९७६-७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो प्रोग्रॅम मिळवून वाढवला, खजिने पाचाचे पंधरा केले, आणि तीच आवृत्ती जगभर पसरली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'अ‍ॅडव्हेंचर' हे आधी कुठल्या जातीचं नाव नव्हतं, एका गेमचं नाव होतं. त्याच्यासारखे जे ते अ‍ॅडव्हेंचर, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप म्हणजे 'डालडा'. आणि त्या मूळ डालड्याच्या डब्यात काय होतं? भटकंती आणि कोडी. नायक? तुम्ही स्वतः. संवाद? नाहीत. कुऱ्हाड फेकणारे बुटके आहेत, एक साप आहे, पण कोणी दोन शब्द बोलत नाही. कथा? गुहेत शिरा, खजिना बाहेर आणा. बस्स. बरीच वर्षं समज असा होता की क्राउथरने फक्त गुहेचा नकाशा लिहिला आणि कोडी, जादू वगैरे वुड्सची. पण क्राउथरचा हरवलेला मूळ सोर्स कोड वुड्सच्या जुन्या विद्यार्थी-खात्याच्या बॅकअपमध्ये सापडला, आणि डेनिस जेर्झ या प्राध्यापकाने २००७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला (पठ्ठ्या त्यासाठी खऱ्या गुहेतही उतरला होता). त्यातून दिसलं की जादूचे शब्द आणि बुटके पहिल्यापासूनच होते. म्हणजे भटकंती आणि कोडी ही जुळी भावंडं. एकाला औरस आणि दुसऱ्याला उपरा म्हणायची सोय नाही.

आता केंब्रिज. १९७८ च्या सुमारास हा 'अ‍ॅडव्हेंट' तिथल्या गणितवाल्या पोरांच्या हाती लागला. विद्यापीठाच्या आयबीएम ३७० मेनफ्रेमवर 'फिनिक्स' नावाची सिस्टिम होती. तिच्यावर जॉन थॅकरे आणि डेव्हिड सील यांनी, आणि पुढे जोनाथन पार्टिंग्टनने, 'अ‍ॅकेटन' नावाचा गेम लिहिला. अमेरिकेबाहेर लिहिल्या गेलेल्या अगदी पहिल्या अ‍ॅडव्हेंचर्सपैकी हा एक. वुड्सच्या गुहेत १४० जागा होत्या, अ‍ॅकेटनमध्ये चारशेच्या वर. तो लिहिताना त्यांनी असे गेम लिहिण्यासाठी एक छोटी भाषाच तयार केली, आणि मग फिनिक्सवर अशा गेमची रांग लागली. कोणी पैसे देत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. संशोधनासाठी ठेवलेल्या मशीनवर चाललेला हा शुद्ध रिकामटेकडेपणा, आणि त्यातून डझनाहून जास्त गेम निघाले.

लिहिणारे लोक बघा म्हणजे गेम कसे असतील याचा अंदाज येईल. पार्टिंग्टन पुढे लीड्स विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. 'ब्रँड एक्स' नावाचा गेम लिहिणाऱ्या जोडीतला एक पीटर किलवर्थ, समुद्रशास्त्रज्ञ. दुसरा जोनाथन मेस्टेल, गणितज्ञ आणि बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर, तीनदा ब्रिटिश विजेता, आणि १९९७ मध्ये तर बुद्धिबळातले कूटप्रश्न सोडवण्याच्या स्पर्धेचा जगज्जेता. अशा माणसांनी तुमच्यासाठी गुहा खणली तर ती काय 'या बसा, चहा घ्या' म्हणणार आहे? एकेका कोड्यावर आठवडे जायचे. चुकीच्या क्रमाने एखादी वस्तू वापरली की गेम जिंकणं अशक्य, आणि ते तुम्हाला दीडशे चालींनंतर कळणार.

हे सगळं विद्यापीठाच्या भिंतींआडच राहिलं असतं, पण त्याच गावात अ‍ॅकॉर्न कंपनी होती आणि १९८१ च्या अखेरीस तिने बीबीसी मायक्रो बाजारात आणला. (आपल्यापैकी जे माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे आहेत त्यांना हे मशीन भारतातही भेटलं असेल. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाचा शालेय संगणक प्रकल्प काढला, तेव्हा शाळांमध्ये हीच क्रीम रंगाची, वर लाल-केशरी कीज असलेली मशीनं आली होती.) 'ब्रँड एक्स' १९८२ मध्ये 'फिलॉसॉफर्स क्वेस्ट' या नावाने अ‍ॅकॉर्नसॉफ्टने विकायला काढला, अ‍ॅकेटन १९८४ मध्ये डिस्कवर आला, आणि १९८७ पासून टोपोलॉजिका नावाच्या कंपनीने हे गेम पुन्हा बाजारात आणले.

कोडी एवढी का, याचं उत्तर निम्मं केंब्रिजच्या गणितात आणि निम्मं मेमरीत आहे. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी ला ३२ के मेमरी. त्यातून सिस्टिमचं आणि स्क्रीनचं काढलं की टेपवरून लोड होणाऱ्या प्रोग्रॅमला उरायचे जास्तीत जास्त साडेसत्तावीस के. प्रोग्रॅम, नकाशा, शब्दसंग्रह आणि सगळी वर्णनं त्यातच बसवायची. तुम्ही आत्ता वाचताय तेवढं पत्र युनिकोडमध्ये साठवलं (देवनागरीच्या एकेका अक्षराला तीन बाइट) तरी त्या मशीनमध्ये मावणार नाही! मग भरपूर संवाद, पात्रांचे स्वभाव, वळणं घेणारी कथा कुठून आणणार? वाक्य महाग, कोडं स्वस्त. 'ही वस्तू जवळ असेल तरच हे दार उघड' ही अट काही बाइट खाते आणि गिऱ्हाइकाचे चार दिवस खाते. दहा पौंडांच्या आसपास किंमत मोजलेल्या गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. हाय विकम्बच्या ऑस्टिन बंधूंची 'लेव्हल नाइन' कंपनी मजकूर दाबून बसवण्यात पटाईत होती. त्यांच्या १९८३ च्या 'स्नोबॉल'ची जाहिरात होती सात हजारांवर जागांची, आणि ती खोटी नव्हती. फक्त त्यातल्या बहुतेक जागा एकाच साच्यातल्या, रंगांच्या खुणेने ओळखायच्या. मार्केटिंगवाले सगळीकडे सारखेच :-)

त्याच वर्षी साउथ वेल्समधल्या बॅरी गावच्या गिलसॉफ्ट कंपनीने 'द क्विल' काढला. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही अ‍ॅडव्हेंचर लिहिता यावा म्हणून केलेलं हे साधन. मग काय, शाळेतली पोरं, पोस्टातले कारकून, सगळेच लेखक. घरगुती पापड-लोणच्यासारखे घरगुती अ‍ॅडव्हेंचर, झेरॉक्स केलेलं कव्हर आणि पोस्टाने कॅसेट. त्यातले बरेचसे टाकाऊ होते हे मान्य. पण गावोगावची माणसं इंग्लिशमध्ये खोल्या आणि कुलपं लिहीत बसली होती हे चित्र मला फार आवडतं.

माझ्या आधीच्या टीममध्ये पन्नाशी ओलांडलेला एक इंग्लिश सहकारी होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला तर दुसऱ्या दिवशी तो एक फाइल घेऊन आला. आत ग्राफपेपरच्या घड्या, पेन्सिलने काढलेले चौकोन, बाण, खोडाखोड. बारा-तेराव्या वर्षी काढलेला अ‍ॅकेटनचा नकाशा. त्याची तीन घरं बदलली, लग्न मोडलं, पण ती फाइल टिकली. मी विचारलं, कथा काय होती रे? तो हसला. म्हणाला, कथा ही होती, आणि कागदावर बोट ठेवलं.

भटकंतीच्या बाबतीत तर एका ब्रिटिश गेमने कमालच केली. पोर्ट्समथच्या ऑटोमाटा कंपनीने १९८२ मध्ये 'पायमॅनिया' काढला. त्यातली कोडी सोडवली की एका खऱ्या जागेचा आणि खऱ्या तारखेचा पत्ता लागायचा. तिथे त्या दिवशी हजर राहणाऱ्याला सोन्याचं घड्याळ, म्हणजे सूर्यघटिका, बक्षीस. तीन वर्षं लोक इंग्लंडभर डोंगर तुडवत होते. शेवटी १९८५ मध्ये दोन बायका ससेक्समधल्या हिंडओव्हर हिलवर, टेकडीच्या उतारावर खडूच्या दगडात कोरलेल्या पांढऱ्या घोड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. तारीख २२ जुलै. २२/७, म्हणजे पाय! (अमेरिकेत हा गेम निघालाच नसता, तिथे महिना आधी लिहितात.) टेकडी चढलेल्या त्या दोघींना कोणीतरी सांगून बघावं की बायांनो, तुम्ही खेळलात ते अ‍ॅडव्हेंचर नव्हतं, त्यात कोडी फार होती.

आता विरोधी पक्षाचं जे खरं आहे ते खरं. या ब्रिटिश गेम्सचा क्रूरपणा मला स्वतःला सोसत नाही. न सांगता मरण, मागच्या जन्मात मेल्याशिवाय कळणार नाही अशी उत्तरं, एकसारख्या खोल्यांचे चक्रव्यूह. याला साहस म्हणत नाहीत, छळ म्हणतात. आणि हे सगळ्यात नेमकेपणाने मांडलं ते याच परंपरेत वाढलेल्या माणसाने. ग्रॅहम नेल्सन, हाही गणितज्ञ, केंब्रिजच्या फिनिक्सवर खेळून पुढे ऑक्सफर्डला गेलेला. त्याने नव्वदच्या दशकात अ‍ॅडव्हेंचरच्या कारागिरीवर एक निबंध लिहिला. त्यात खेळणाऱ्याच्या हक्कांची सनदच आहे: पूर्वसूचनेशिवाय मारू नका, नशिबावर सोडू नका, वगैरे. त्यातच त्याने म्हटलं की अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे कथा आणि शब्दकोडं यांच्यात चाललेली लढाई. माझ्या मते तीस वर्षांत याहून चांगलं कोणी बोललेलं नाही. लढाई म्हटलं की दोन पक्ष आले. एक जिंकून दुसऱ्याला हाकलून दिलं तर लढाईच संपली.

त्याचा स्वतःचा 'कर्सेस' हा गेम आला १९९३ मध्ये. एका जुन्या इंग्लिश वाड्याच्या माळ्यावर तुम्ही पॅरिसचा नकाशा शोधताय, इतकीच सुरुवात. बाकी सगळी भटकंती आणि कोडी, कोडी, कोडी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत 'मिस्ट' आला. एक नुसता मजकूर, दुसरा नुसती चित्रं. पण आतला सांगाडा बघितला तर ही दोघं एकाच कुळातली. गंमत म्हणजे मिस्टच्या ओसाडपणाचं कारणही तांत्रिकच. त्या काळची सीडी-रॉम ड्राइव्ह इतकी हळू होती की स्थिर चित्रं एकेक करून दाखवणं हाच मार्ग होता, आणि हलती-बोलती माणसं बनवणं छोट्या टीमला परवडणारं नव्हतं. म्हणून माणसं पुस्तकाच्या पानावरच्या इवल्याशा व्हिडिओत बंद केली. केंब्रिजला ३२ के मध्ये माणसं मावली नाहीत, सायनला ६५० एमबी मध्ये मावली नाहीत. दोघांनीही रिकाम्या जागेलाच बोलतं केलं.

मिस्टच्या खोक्यात एक कोरी वही यायची, हे किती जणांना आठवतं? मी मिस्ट पहिल्यांदा खेळलो ते साताऱ्याला, मामेभावाने आणलेल्या सीडीवरून, आठवी-नववीत असताना. खोकं आणि वही कुठली यायला. पण दुसऱ्या दिवशी मी आपणहोऊन भूगोलाच्या वहीची मागची पानं उघडली. गेमने काहीही न सांगता. ग्राफपेपरवाला इंग्लिश पोरगा आणि मी, आमच्यात हजारो मैलांचं आणि पंधरा-वीस वर्षांचं अंतर, पण करत होतो ते एकच काम.

पण याचा अर्थ कोडी घातलेली कुठलीही भटकंती अ‍ॅडव्हेंचर ठरते असं नाही, आणि इथे मी माझी रेघ मारतो. १९९३ मध्येच आलेला 'द सेव्हन्थ गेस्ट' घ्या. झपाटलेला वाडा, दर खोलीत एक कोडं. स्वयंपाकघराच्या कोठीत अक्षरं लिहिलेले डबे असतात, ते रचून एक वाक्य बनवायचं. का? डब्यांचा वाड्याशी काय संबंध? काही नाही. रविवारच्या पुरवणीतलं कोडं कापून भिंतीवर डकवलं तरी चाललं असतं. मिस्टमध्ये मात्र एका युगात यंत्र फिरवताना दिशांचे जे आवाज कानावर पडतात, तेच आवाज दुसऱ्या युगातल्या भुयारात वाट दाखवतात. कोडं त्या जागेच्या अंगातून निघतं.

ट्रेकर मंडळींना हे लगेच पटेल. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या कवेत असा वळवून बसवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दार कुठे आहे ते दिसतच नाही. ते गोमुखी बांधकाम हे एक कोडंच आहे, शत्रूला घातलेलं. पण कोणी कड्यावर चिकटवलेलं नाही. कडा, वाट, बुरूज, तोफेचा मारा यांच्यातून ते तयार झालंय. पहिल्यांदा गड चढणारा माणूस 'अरे, दार इथे आहे!' म्हणून थबकतो, तो क्षण म्हणजे भटकंती आणि कोडं एक झाल्याचा क्षण. क्राउथर गुहेत उतरणारा माणूस होता, त्याला हे सांगावं लागलं नसतं. तेव्हा माझ्या लेखी मिस्ट आत, सेव्हन्थ गेस्ट बाहेर. कोडी किती आहेत याला महत्त्व नाही, ती त्या जागेची आहेत का याला आहे.

दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. मूळ गुहेत 'झिझी' असा काहीसा उच्चार असलेला जादूचा शब्द होता (xyzzy हा खरा शब्द इथे रोमनमध्ये लिहावा लागतो खरा, पण नको, जाणकार ओळखतील). तो गुहेत आत एका भिंतीवर लिहिलेला सापडतो. पण ज्याला आधीच माहीत आहे त्याने गेम सुरू झाल्यावर त्या विटांच्या घरात जाऊन टाइप केला तरी तो चालतो. गेम विचारत नाही की तू भिंत बघितलीस का. मिस्टचंही तेच. शेवटाचं कुलूप पहिल्या मिनिटापासून तिथेच, समोर असतं. उत्तर माहीत असणारा चार युगं न बघता काही मिनिटांत गेम संपवू शकतो. म्हणजे तुम्ही भटकून जे कमावता ते खिशात नसतं, डोक्यात असतं. नायकाचा स्वभाव बदलत नाही ही तक्रार बरोबर आहे. बदलतो तो खुर्चीत बसलेला माणूस.

आपल्याला तर हे नवीन वाटायलाच नको. चांदोबातला विक्रम आणि वेताळ आठवा. अमावास्येची रात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत, यापेक्षा मोठं साहस ते कोणतं? आणि दर वेळी शेवटी काय? कोडं. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बरोबर उत्तर दिलंस तर वेताळ परत झाडावर, म्हणजे पुन्हा पहिल्या लेव्हलला! केंब्रिजवाल्यांनाही इतका दुष्ट गेम सुचला नव्हता. यातली कोडी काढून टाका आणि सांगा काय उरतं ते.

उलट प्रयोगही झालाय, आणि तोही ब्रिटनमध्येच. पोर्ट्समथ विद्यापीठात शिकवणाऱ्या डॅन पिंचबेकने २००८ मध्ये 'डिअर एस्थर' केला, २०१२ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. स्कॉटलंडच्या हेब्रिडीजमधलं एक बेट, वारा, एक निवेदकाचा आवाज. कथा भरपूर, भटकंती भरपूर, कोडं एकही नाही. (पायमॅनियाही पोर्ट्समथचाच. एकाच गावाने दोन टोकं गाठली.) मला तो आवडला. पण लोकांनी त्याला काय नाव दिलं? 'वॉकिंग सिम्युलेटर', आणि वर विचारलं की हा गेम तरी आहे का. कोडी जास्त असलेल्याला 'अ‍ॅडव्हेंचर नाही' म्हणाले, कोडी नसलेल्याला 'गेमच नाही' म्हणाले. आणि ज्या 'ब्रोकन स्वोर्ड'ला खरा अ‍ॅडव्हेंचर म्हणतात, चार्ल्स सेसिलच्या रेव्होल्यूशन कंपनीचा १९९६ चा, त्याचे चाहते भेटले की कशाबद्दल बोलतात? नायकाबद्दल थोडं, आणि आयर्लंडमधल्या त्या बोकडाच्या कोड्याबद्दल तासभर. डग्लस अ‍ॅडम्सच्या १९८४ च्या 'हिचहायकर्स गाइड'चंही तसंच. विनोद, पात्रं, संवाद सगळं आहे, पण प्रसिद्ध झालं ते बेबल फिश पकडायचं कोडं. ते सुटलेल्यांसाठी इन्फोकॉमने टी-शर्ट काढला होता.

सध्या आमच्या घरी नऊ वर्षांची कन्या आणि मी मिस्टची २०२१ ची नवी आवृत्ती खेळतोय. ती माउस धरते, मी वहीत लिहितो, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशीच तिने वही ओढून घेतली, कारण माझं अक्षर तिला लागत नाही. मी मराठीत सांगत होतो, 'डावीकडून तिसरा दांडा, वर', आणि ती ऐकेल तसं उतरवत होती, 'डावी', 'वर', 'घण्टा दोनदा'. शनिवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ करताना जी मुलगी एका ओळीला अर्धा तास लावते, तिने दीड पान देवनागरी लिहून काढलं. र्‍हस्व-दीर्घाबद्दल मी तोंड उघडलं नाही. शाळेत तिला कोणी विचारलं की काय खेळतेस, तर ती सांगते 'अ‍ॅडव्हेंचर'. तिला हे नाव कोणी शिकवलेलं नाही.

एप्रिल २०२० मध्ये, पहिल्या लॉकडाउनमध्ये, बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा मान 'आउटर वाइल्ड्स'ला मिळाला. छोटीशी सूर्यमाला, एकटा प्रवासी, दर बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकही वस्तू पुढच्या फेरीत बरोबर येत नाही, येतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. क्राउथरच्या त्या जादूच्या शब्दाचा हा पणतू. त्याचा अ‍ॅडव्हेंचरपणा नाकारणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही, आणि फराळाला आलेला आमचा मित्रही त्यावर जीव टाकतो. मिस्टचं नाव काढलं की मात्र पुन्हा 'स्लाइड-शो'!

फिनिक्स सिस्टिम १९९५ मध्ये बंद झाली. तिच्यावरचे बरेच गेम हौशी मंडळींनी वाचवून आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे करून ठेवलेत, अ‍ॅकेटनसकट, आणि ते फुकट मिळतात. खरं मशीन बघायचं असेल तर केंब्रिजमध्ये 'सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी' हे संग्रहालय आहे. तिथे बीबीसी मायक्रोसमोर बसून कीज दाबता येतात, काचेआडून बघावं लागत नाही. मुलांना घेऊन जा, आणि बरोबर ग्राफपेपर न्या.

आणि एक विनंती. 'क्लास' प्रकल्पातली मशीनं ज्यांच्या शाळेत आली होती त्यांनी जरूर लिहा. त्यांच्यावर महाराष्ट्रात कोणी अ‍ॅडव्हेंचर खेळलं होतं का, आणि खेळलं असेल तर नकाशा कशावर काढला होता?